रिकाम्या गाळ्यांचा कर

मालक : म्हणजे खरंच सगळे? पाचही गाळे?

टेलरबाई : पाचही. बेकरीवाल्यांनी सकाळीच भट्टी थंड केली. चपलांचं दुकान दुपारी निघालं, पुस्तकवाल्या जोडप्याचा टेम्पो आत्ताच गेला. चष्मेवाले काका शेवटच्या काचा गुंडाळतायत, आणि ही मी. बसा ना. स्टूल तेवढं राहिलंय.

मालक : बसायला नाही आलो. अहो, एका दिवसात इमारत रिकामी करतात होय? माणसानं आधी बोलावं.

टेलरबाई : महिन्याची नोटीस दिली होती की सगळ्यांनी. करारात तेवढंच लिहिलंय, तुमच्याच वकिलानं.

मालक : मला वाटलं, भाडं कमी करून घ्यायला दम देताय. आणि आत्ता कशाला? रस्त्याचं काम संपलं, खड्डे बुजले, गिऱ्हाईक परत यायला लागलंय...

टेलरबाई : म्हणूनच आत्ता. रस्ता खोदलेला असताना गेलो असतो, तर तुम्हाला कुणी काही विचारलं नसतं. आता नियम आलाय ना, बाजारपेठेत गाळा रिकामा ठेवला की मालकाला कर दुप्पट.

मालक : हे ठरवून केलंत तुम्ही.

टेलरबाई : ठरवून. शिलाईच्या कामात हात गुंतलेले असतात, डोकं मोकळं असतं. खूप ठरवता येतं.

मालक : आणि त्या करखात्याच्या बाई? त्यांनाही तुम्हीच सांगितलंत? मिळालेली सगळी सवलत परत मागतायत माझ्याकडून.

टेलरबाई : त्या आल्या, विचारलं त्यांनी. रस्ता बंद म्हणून मालकांना अर्धा कर माफ केला होता, दुकानदारांच्या भाड्यात कपात करायची या अटीवर. तर भाडं उतरलं का तुमचं? तोपर्यंत आम्हाला पत्ताच नव्हता असलं काही असल्याचा. मी म्हटलं, बाई, उतरलं नाही, चढलं.

मालक : माझ्याही अडचणी होत्या हो. वरच्या मजल्याचं कर्ज होतं डोक्यावर.

टेलरबाई : लिफ्ट छान झालीय. आत आरसापण आहे म्हणे.

मालक : टोमणे मारू नका.

टेलरबाई : बरं, सरळ बोलते. सरकारनं मदत द्यावी म्हणून आम्ही मोर्चा काढला. पहिल्या रांगेत तुम्ही होतात. सगळ्यांत मोठा आवाज तुमचा. सवलत तर तेव्हा तुमच्या पदरात पडलेली होती! घसा बसला तुमचा ओरडून, तेव्हा पाण्याची बाटली मीच आणून दिली. त्या बाटलीची मला अजून चीड येते.

मालक : चुकलं. चुकलं म्हणतो ना! दोन वर्षांचा फरक देऊन टाकतो सगळ्यांना. मग तर झालं?

टेलरबाई : भाऊजींना काय देणार?

मालक : कोण भाऊजी?

टेलरबाई : माझे दीर. घड्याळवाले. चपलांच्या जागी आधी त्यांचंच दुकान होतं. भाडं थकलं म्हणून तुम्ही सामान बाहेर काढलंत. फुटपाथवर घड्याळं मांडली होती ओळीनं. सगळी चालू.

मालक : हां... ते. आता कुठे असतात?

टेलरबाई : मॉलच्या पार्किंगमध्ये. रविवारी तुमच्या गाडीला पावती देतात. तुम्ही काच चार बोटं खाली करता आणि हात बाहेर काढता.

मालक : ते? टोपी असते डोक्यावर... ओळखलं नाही मी.

टेलरबाई : त्यांनी ओळखलं. सलामही करतात. करावाच लागतो.

मालक : ताई, बँक इमारत घेईल माझी. वडिलांनी बांधलेली आहे. हे बघा, हात जोडतो.

टेलरबाई : जोडा. कसे दिसतात ते बघायचंच होतं मला.

(चष्मेवाले खोकं घेऊन दारात येतात.)

मालक : काका, बरं झालं आलात. यांना समजवा. तुम्ही तरी राहा. सकाळी फोनवर म्हणालो तसं, वर्षभर फुकट! एक जरी शटर उघडं राहिलं तरी मला त्या दुप्पट कराविरुद्ध अपील करता येईल.

टेलरबाई : फोन आला होता? बोलला नाहीत काका.

चष्मेवाले : आला होता. विचार करतो म्हणालो. खोटं कशाला बोलू बाई, दुपारभर केलासुद्धा. आपण सगळे चाललोय त्या मागच्या गल्लीतल्या गोदामात, तिथे माझी पाटी कोण वाचणार? माझं गिऱ्हाईक म्हातारं, गुडघ्यांनी अधू.

टेलरबाई : माझाही धंदा निम्मा होणार आहे तिथे. राहायचं तर राहा. मी रागवणार नाही.

मालक : बघा! त्यापण म्हणतायत.

चष्मेवाले : मालक, तुम्ही "फुकट" म्हणालात ना, तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. म्हणजे देता येत होतं. आम्ही एकेक करून तुमच्या दारात उभे होतो, तेव्हाही देता येत होतं. ही घ्या किल्ली. शटर ओढून आलोय.

मालक : काका...

चष्मेवाले : घ्या. वरचं कुलूप जरा अडकतं, तेल घाला.

टेलरबाई : ही माझी. जाताना दिवा राहू द्या, आमचं अजून आवरायचंय.

...

चष्मेवाले : गेला नाही हो. बाहेर पायरीवर बसलाय. दोन्ही किल्ल्या हातात घेऊन.

टेलरबाई : बसू दे.

चष्मेवाले : तुमच्या भाऊजींना कळवा आज. जिवाला थंडावा मिळेल त्यांच्या.

टेलरबाई : कालच सांगितलं. चिडले माझ्यावर. म्हणाले, वहिनी, माझं नाव घेऊन कुणाचं घर बुडवू नका, मी विसरलोय ते.

चष्मेवाले : मग हे सगळं कुणासाठी केलंत?

टेलरबाई : माझ्यासाठी. उचला त्या बाजूनं, मशीन जड आहे.