बाहत्तरच्या पुढचे आकडे

— नाय, साहेब, फोन ठेवू नका, हात तसाच राहू दे त्याच्यावर, मी आठवतो — पहिला भाग, अक्षांश, लिहिलात ना? सोळा, बावन्न, चारशे साठ. तो पक्का. मग रेखांशाचा बाहत्तर — तो पण पक्का. त्याच्या पुढचे पाच आकडे आत्ता होते, तुमच्या मत्स्यखात्याच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा होते. लवू माझा धाकटा भाऊ, साहेब. इंजिन बंद पडलंय, बोटीत पाणी भरतंय, बरोबर चार खलाशी. धक्क्यावर आमची दुसरी बोट वर काढलेली हाय, तिच्या वायरलेसवर बोलला — कुठे हाय ते दोनदा सांगितलेन नि आवाज गेला. परत लावला, दहा वेळा लावला, नुसती खरखर. मग मी घोकत निघालो. रिक्षावाला विचारायला लागला, काका कुठच्या गावचे, त्याला बोललो, बाबा, आज गप राहा — गरीब बिचारा, हॉर्नसुद्धा वाजवलान नाय. जिना चढलो, घोकतच. आणि तुम्ही ही वही पुढे केलीत. आधी नाव, गाव, मोबाईल नंबर. तुमचा नियम असेल, मी बोल लावत नाय. नंबर लिहिला, मान वर केली — आणि डोक्यात काय नाय.

लिहून का नाय घेतलं? आम्ही कधी लिहितो? मासळीची जागा लिहिली की ती जागा गेली — कोणीतरी कागद बघतो नि दुसऱ्या दिवशी त्याचं जाळं तिथे. बापाने चाळीस जागा तोंडी दिल्यान, त्या आज झोपेत विचारा. राही — लवूची मुलगी, इथे कॉलेजात मानसशास्त्र शिकते — तिने गेल्या महिन्यात माझ्यावरच प्रयोग केलान. ती आकडे वाचणार, मी परत बोलणार. सातापर्यंत गेलो, मिशीला पीळ दिला. मग बोलली, काका, आता शंभरापासून तीन-तीन वजा करत या उलटे — आलो थोडा, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव — नि पहिले आकडे विचारलेन तर गेले सगळे. हसली. बोलली, चाळीस जागा मुरलेल्या हायत काका, त्यांचं सोडा. ही कार्यकारी स्मृती, ओंजळीतलं पाणी — घोकताय तोवर हाय, घोकणं थांबलं की वीस-तीस सेकंदांत गेलं, आणि त्यात दुसरे आकडे ओतलेत की पहिले सांडतात. मी बोललो, जा गो, तुझ्या पुस्तकातला माणूस दर्यावर गेलेला नाय. आता तिला काय सांगू मी? सांगा ना, काय सांगू?

यंत्र? बोटीचा माग दाखवतं ते? हाय ना. म्हणजे — हाय, साहेब. घरी हाय. माळ्यावर, फडक्यात. मीच काढलं, बंदीत बोट दिसू नये म्हणून. मघाशी, इंजिनाची ट्रायल घ्यायला गेला बोललो, ते खोटं. पावसाळी मासेमारीची बंदी उठायला तीन दिवस हायत, मला ठाऊक हाय. लवू नको बोलत होता — दादा, अजून दर्याला नारळ दिला नाय, वारा बघ कसा हाय. मीच बोललो, तुझ्यापेक्षा तुझी पोरगी धीट. तेवढं लागलं त्याला. गेला. परवाना काढून घ्या, मला आत टाका, सही करतो कशावर पण — पण आधी तटरक्षकांची माणसं पाठवा. नुसत्या बाहत्तरवर काय शोधतील? त्या एका अंशात पंचावन्न मैल पाणी पडलंय.

थांबा. आता बोलू नका, किती वाजले ते पण सांगू नका, आकडा नको कानावर. राही बोलते, जिथे ऐकलं तिथे मनाने परत जाऊन बसायचं. बसलो. केबिन. डिझेलचा वास, चष्मा घरी राहिलेला. खरखर — दादा, लिही. लिही बोलला, साहेब. तो पण तांडेल, बोट त्याच्या हातात, त्याला पण ठाऊक आम्ही लिहीत नाय, तरी बोलला लिही. मी बोललो, तू बोल रे, माझ्या डोक्यात राहतं. दादा, बाहत्तर — बाहत्तर — एक्केचाळीस — सातशे तीस. आले. आले, साहेब, एक्केचाळीस, सातशे तीस, लिहा, आई भगवती पावली, लावा फोन — लवू, थांब रे, येतात हां —

का थांबलात? लावा ना. वही कशाला फिरवताय माझ्याकडे? हो, अक्षर माझंच. हरिश्चंद्र, मीच. हे गाव. हा मोबाईल. त्या नंबरावर कुठे बोट ठेवताय — शेवटचे पाच आकडे?

चार, एक. सात, तीन, शून्य.

मग लवूचे कुठचे?