सागवानाची गुल्ली

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय प्रभाकरराव, प्रमुख पाहुण्या वच्छलाबाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे श्रीनिवास सर, आणि हिंगणघाटच्या या उन्हात घरचा कूलर सोडून आलेले पालक व विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार. डावीकडच्या शेवटच्या खुर्चीवर कोणी बसू नये, तिचा पाय हलतो.

मी भैयाजी. या गिटार वर्गाची चावी माझ्याकडे असते. शिक्षण सातवीपर्यंत, पुढे तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. दोन शब्द बोला म्हणाले, म्हणून चार दिवस बसून मी सरांवर भाषण लिहिलं. ते खिशातच आहे. पण आज सकाळी या भिंतीपाशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ते भाषण मला वाचता येणार नाही.

सर आले तेव्हा गिटारी स्टँडवर ठेवत. मला चैन पडायचं नाही. लेकरं धावतात, कोणाचा पाय लागला तर? मी स्टँड कोपऱ्यात सरकवायचो, सर बाहेर काढायचे, कारण कोपऱ्यात कूलरची ओली हवा लागते. मग मी खिडकीजवळ ठेवायचो, तर तिथं ऊन. शेवटी सरांनी भिंतीवरचे हँगर मागवले. दोन बोटं पुढं केल्यासारखे असतात, त्यांत गिटारीची मान अडकवायची. सोबत भिंतीत ठोकायच्या प्लास्टिकच्या गुल्ल्याही आल्या होत्या.

मी म्हटलं, "सर, प्लास्टिकवर काऊन भरोसा ठेवता? मी सागवानाची गुल्ली ठोकतो, तिच्यात स्क्रू पिळतो. आपण दोघं जाऊ, पण ते नाई हालनार."

सर हसले. "भैयाजी, भिंत तुमची, गिटार माझी. सांभाळा म्हणजे झालं."

वच्छलाबाई, तुम्ही बाहेरून आलात, म्हणून सांगतो. सरांकडे त्यांच्या कॉलेजच्या दिवसांपासूनची एक गिटार होती. कोणाला हात लावू देत नसत. फक्त ऋचाला देत. ही मुलगी चांगली वाजवायची. मागच्या मे महिन्यात एका दुपारी वर्ग सुटला, ऋचानं ती गिटार टांगली, आणि पाच मिनिटांत ती खाली आली. मान तुटली. हँगर भिंतीवरच होता, पण खाली झुकलेला.

सरांनी गिटारीचे तुकडे उचलले. "ऋचा, कशी टांगली होतीस?"

"सर, दोन्ही बोटांत नीट बसवली होती. हात सोडून पाह्यलं मी, मगच वळली."

सर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "घाईत होती पोरगी. ओढून टांगली, म्हणून हँगर झुकला."

"तुम्ही पाहिलं काय?"

"पाह्यलं ना सर!"

मी पाहिलं नव्हतं. मी मागे कूलरमध्ये पाणी भरत होतो.

काऊन बोललो असेन? माझ्या हातची गुल्ली ढिली होईल हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. आणि खरं सांगतो, भीती वाटली. चावी काढून घेतली तर या वयात मी दिवसभर कुठं बसू?

ऋचा दुसऱ्या दिवसापासून आली नाही. पुढं पावसाळा लागला. मी हँगर सरळ करून सरांसमोर हलवून दाखवला. जागचा हलला नाही. मी म्हटलं, पाहा! आणि भिंतीवर कागद लावला, 'गिटार घाईत टांगू नये, मागे मोठे नुकसान झाले आहे.' नवी लेकरं विचारायची, कोणी केलं? मी सांगायचो, होती एक ऋचा. वर्षभर सांगितलं मी हे.

आज सकाळी फुलांच्या माळा बांधायच्या म्हणून मी गिटारी उतरवत होतो. दुसऱ्या हँगरला नुसता हात लावला, तर तो माझ्याकडे झुकला. गिटार छातीशी धरली म्हणून वाचली. स्क्रू ओढला तर गुल्लीसकट हातात आला. वाळलेल्या तुरीच्या शेंगेत दाणा खुळखुळतो तशी ती गुल्ली त्या भोकात खुळखुळत होती. मग मी ऋचाचा हँगर पाहिला. तोही तसाच. सगळेच तसे.

मे महिन्यात लाकूड आकसतं, पावसात फुगतं. तीस वर्षं फिटर राहिलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागतं काय? पावसात ती घट्ट झाली आणि मी समजलो, मी खरा.

तो कागद मी फाडला. पण कागद फाडून बोललेलं परत येतं काय?

अध्यक्ष महाराज, चिठ्ठी पाठवू नका, आटोपतोच. मी ठरवलं होतं की सरांना कार्यक्रमानंतर एकट्यात सांगीन. पण इथं माइकसमोर उभा राहिलो आणि दाराशी ऋचा दिसली. सरांना निरोप द्यायला आली ती. ज्या वर्गात तिला खोटं ठरवलं, त्याच वर्गात आली. वर्षभर जे सगळ्यांसमोर बोललो, ते एकट्यात कसं फेडू?

सर, तुम्ही इतकी वर्षं या गावच्या लेकरांना शिकवलं, तुमचे आभार. मंडळी, तुम्ही ऐकून घेतलं, तुमचेही आभार. बोलण्यात मागेपुढे झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. पण माझी मोठी चूक सभागृहानं माफ करायची नाही. ऋचा, बाई, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. मला माफ कर. आत्ता नाही जमलं तर नको करू.

सर, तिनं त्या दिवशी खरं सांगितलं होतं. हार नंतर घालून घ्या. आधी तुम्ही दाराशी जाऊन तिच्याशी बोला. मी बसतो.