सहाचे आठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक आदरणीय वामनराव, व्यासपीठावरील मान्यवर, पुण्याच्या मोठ्या नोकरीवर निघालेले सत्कारमूर्ती मंदारसर, आणि समोसे केव्हा येतात याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मंदारसरांबद्दल चांगलं बोल, असं मला बजावून ठेवलंय. बोलते. सरांचा शर्ट कायम इस्त्रीचा असतो.

आता कामाचं. सरांनी आम्हाला जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतले गेटर आणि सेटर शिकवले. पाहुण्यांसाठी सांगते, सेटर म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या गेटवरचा चौकीदार. आत येणारा आकडा त्यानं तपासायचा, संशय आला तर तिथंच अडवायचं. गेटर तोच आकडा मागितला की बाहेर आणून देतो. गंमत अशी, की हा चौकीदार बाहेरून दिसतच नाही. आपण साधं 'वजन बरोबर सहा' लिहितो, आत त्याचा कारभार सुरू.

सरांचा चौकीदार कसा होता? बाळांची वजनं नोंदवायचं ॲप आपण एका संस्थेला दिलं. दाखवायच्या दिवशीच एका कमी वजनावर लाल सूचना आली आणि सरांना घाम फुटला. मग उपाय काय केला? आठ किलोच्या खाली काहीही आलं, की सेटरनं गुपचूप आठ करून ठेवायचं. सूचना नाही, बोभाटा नाही. केवढी सोय!

पुढं पांढरकवड्याकडून संस्थेसाठी बाळांची वजनं घेणाऱ्या जमनीताईंचा मला फोन आला. "मॅडम, सोनू दीड वर्षाचा हाय. मी सहा टाकून राह्यली, अन् हे आठ दाखवून राह्यलं. काहून?"

कोणत्या बाळाला दवाखान्यात न्यायचं ते ॲप सांगायचं, आणि ॲपच्या मते सोनू ठणठणीत. मी सरांकडे धावले. मान वर न करता सर म्हणाले, "त्या बाईले टाईप करता येत नाही."

जमनीताईंनी ॲप ठेवलं बाजूला, पोराला कडेवर घेतलं आणि एसटी पकडली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर पोर हाती लागलं नसतं.

सर, मला तुमची चीड येते. चूक झाली म्हणून नव्हे, ती कोणाच्याही हातून होते. तुम्ही ती दिसू नये म्हणून कोड लिहिला, आणि उघडी पडायची वेळ आली तेव्हा एका बाईच्या माथी मारली. याला हुशारी म्हणतात का हो?

तो सेटर मी बदललाय. आता सहा टाकले की सहाच राहतात, आणि शंका आली तर तो सगळ्यांदेखत लाल होतो. सोनू आता घरभर धावतो.

वामनराव, मधेच खाली बसवलं नाहीत, आभारी आहे. शेवटी चूकभूल पोटात घाला म्हणायची रीत आहे. मी तसं म्हणणार नाही. माझं काही चुकलं असेल तर मंदारसर, तोंडावर सांगा. गुपचूप आठ करून ठेवू नका.