शाईनं लिहिलेलं नाव

युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. हॉलंडमधल्या हार्लेम गावात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी दोन वयस्कर बहिणी.

"ताई, संडासातलं ते घरच्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर आता तरी काढ की."

"आपल्याकडे सगळ्यांच्याच संडासात असतं, आलिडा, वर्षानुवर्षं तेच."

"असतं गं. पण तू लपवलेल्या त्या ज्यू पोरीचं नाव नसतं त्यावर."

"रोझेट. चौदा मार्च."

"एवढी जपणारी तू! तिचं ताटसुद्धा टेबलावर मांडत नव्हतीस. आणि नाव लिहून ठेवलंस?"

"नववा वाढदिवस होता तिचा. रोज तिथं बसून सगळ्यांची नावं वाचायची. आपलं तेवढं नाही, म्हणायची."

"आणि नेमका तुझा तो चुलतदीर कडमडला कॉफीला."

"संडासात जाऊन आला आणि म्हणाला, 'वहिनी, आपल्यात ही रोझेट कोण?'"

"काहीतरी थाप मारायचीस!"

"मारली ना. माझी भाची म्हटलं. माझ्या भाच्या त्याला तोंडपाठ. तिसऱ्या दिवशी जर्मन दारात. तिला घेऊन गेले ते गेलेच."

"चुगली त्या मेल्यानं केली. तू का जिवाला खातेस? पुसून टाक ते नाव."

"पुसलं जात नाही."

"न जायला काय झालं?"

"ती म्हणाली होती, 'मावशी, पेन्सिलीनं लिहा, वेळ आली तर पुसता येईल.' मी म्हटलं, 'वेडे, घरच्या माणसांची नावं आम्ही शाईनंच लिहितो.'"