निल्याचा कडक ऍप्रन

तुम्हाला आमच्या आंबिवलीच्या निल्याचं सांगितलं का? केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षेसाठी मॅडमनी आदल्या दिवशी शिजवून ठेवलेलं बीकरभर स्टार्च सकाळी गायब! मॅडम भडकल्या, "कोणी ढापलं? नाव कळेपर्यंत परीक्षा नाही."

निल्या पहिल्याच टेबलापाशी उभा, अंगातला ऍप्रन पापडासारखा कडक.

मॅडम एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "काय रे, ऍप्रनला खळ दिलीस वाटतं?"

"छे मॅडम, नुसती इस्त्री मारलीय."

मॅडमनी ड्रॉपर उचलला आणि त्याच्या खिशावर आयोडीनचा एक थेंब सोडला. पांढरा खिसा निळाकाळा! स्टार्चशिवाय असं होत नाही, हे निल्यालाही पाठ होतं.

"सॉरी मॅडम... आता काय करू?"

"ऍप्रन काढ आणि गरम पाण्यात बुडवून या बीकरात पीळ. पोरं खोळंबलीत."