मशीनवर शून्य

—न्हाई साहेब, ह्या कागदावर मी सही करणार न्हाई. 'सयाजी यांचा दारूच्या व्यसनामुळे स्वखुशीने राजीनामा' — शी! लिवताना हात कसा झडला न्हाई वो तुमचा? चाकणला तुमच्या कंपनीत बावीस वर्षं राबले हे, आन आता स्वतःचं नाव लिवता येत न्हाई म्हनून तुमी एचआरवाले बायकोची सही घ्यायला घरी येताय! गेटवर फुंकायचं मशीन तीनदा लावलंत ना तोंडाला? काय आलं? शून्य. तिन्ही येळेला शून्य. तरी बेवडाच! का, तर चालताना झोक जातो, शिफ्ट सुटल्यावर बस सापडत न्हाई. हा एमआरआय बगा — धरा की उजेडात, चावत न्हाई! हे पांढरं दिसतंय ना, ती सूज. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात, आन हे काळे ठिपके, तिथनं रक्त पाझरलंय. डॉक्टर म्हनले, रक्तवाहिन्याबी नासवणारा अल्झायमर हाय, बापाकडनं आलेला, म्हनून अठ्ठेचाळिसातच गाठलं. बाप म्हंजी माझे सासरे — त्यांना मेल्यावर अख्ख्या चिखली गावानं बेवडा म्हनूनच जाळलं. थेंबाला शिवले नव्हते वो, हे आत्ता कळतंय! किळस येते मला ह्या गावाची, तुमची, सगळ्यांची —

माझी? व्हय, माझीबी. काय बगताय? भिंतीवर लिवल्यालं असतंय न्हाई का, 'न सांगता दारू सोडवा' — निगडीवरनं आणली मी ती पुडी. आठ महिने, रोज सकाळी, चहात चमचाभर. हे म्हनायचे, अगं, चहा कडू लागतोय. मी म्हनायचे, कालची उतरली न्हाई वाटतं. ओकायचे, पोट धरून बसायचे, आन मी मनात खूश — लागू पडलं! पुढं पुढं 'कडू' हा शबुदच आठवंना त्यांना. घोट तोंडात धरून नुसतं माझ्याकडं बगायचे. आन गिळायचे.

म्हनून सांगते, आजार लिवा. आमची तनुजा चोवीस वर्षांची हाय, तिच्यातबी हे उतरलं असंल तर? आजा बेवडा, बाप बेवडा, आन तुमचा हा कागद पुरावा — मग तिच्या चहात कोन काय कालवंल, सांगा की! घ्या, चहा घ्या, गार व्हतोय...

का वो, कप खाली का ठेवला?

अवो, न्हाई त्यात काई!

...बरं. ऱ्हाऊ द्या. उचला तुमचा कागद, आन निघा. चपला भाईर हायत.