आनंदाने घेतलेली रजा

मंडळी, जरा पुढं सरका! खांबामागच्या माउली, तुम्हीसुद्धा या — सतरंजी मोकळी आहे. आज पुराणातली नाही, आपल्याच औद्योगिक वसाहतीतली गोष्ट सांगतो. पण आधी एक प्रश्न. माणसाला दाराबाहेर ढकलायचं, आणि त्याच्याच हातानं लिहून घ्यायचं की 'मी हसत निघालो' — हे पाप, की नाही? नुसती मान डोलवू नका! ऐका, मग बोला.

भास्कर टेंगशे बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. उमेदीची सगळी वर्षं त्या धगीपुढं गेली. माणूस इतका सभ्य, की कुणाकडून निघताना 'जातो' म्हणायचा नाही — 'येतो'! आपण सगळेच म्हणतो. वाईट बोलून उंबरा ओलांडू नये, ही आपली रीत.

कारखान्यात नवी यंत्रं आली. माणसं ठेवणं-काढणं ज्यांच्याकडे, त्या नाडगौडा साहेबांनी भास्कररावांना बोलावलं. चहा दिला! मंडळी, साहेबानं चहा दिला की खुर्ची घट्ट धरावी!

"टेंगशे, तुमची जागा बंद होतेय. भरपाई देऊ, काळजी नको. फक्त निरोपाच्या दोन ओळी लिहून द्या. फाईलला लागतात."

भास्कररावांनी चहाला तोंडही लावलं नाही. पण रीत ती रीत! लिहिलं — 'आजवर सांभाळून घेतलंत, आभारी आहे. आनंदाने आपली रजा घेतो.' खाली सही.

भरपाई आली — आणि केवढी कात्री लागून! गल्लीतली पिठाची गिरणी घ्यायची ठरली होती, विसार देऊन झाला होता. आता बाकीचे पैसे पुरेनात. गिरणी जाणार, वर विसारही बुडणार! भास्करराव कर सल्लागाराकडे धावले.

तो म्हणाला, "काका, मालकानं कामगाराला काढलं, तर त्या भरपाईवर ठरावीक मर्यादेपर्यंत कर लागत नाही. पण तुम्ही नोकरी आपणहून सोडलीत. मग कंपनीनं दिलं ते खुशीनं दिलं, म्हणजे पगारातच धरलं. कर कापला."

"मी कुठं सोडली?"

"लिहून दिलंय की — आनंदाने!"

पेटीवाले, थांबा! इथं सूर नको, इथं संताप हवा! सरकारनं ही सवलत कुणासाठी ठेवली? ज्याची चूल विझली त्याच्यासाठी! ती एका शब्दानं गिळली. का? 'आम्ही कुणाला काढलंच नाही' म्हणायला कंपनी मोकळी! सरकारला कळवायला नको, कुणी विचारायला नको!

घरी कुमुदताई, त्यांची बायको, कडाडली. "आनंदाने? अहो, त्या दिवशी भरल्या ताटावरून उठलात तुम्ही! चला!" पदर खोचून तशीच कारखान्यात.

नाडगौडा हसले. "वहिनी, एवढ्याशा शब्दानं काय फरक पडतो?"

"नाही ना पडत? मग खोडा!"

साहेबांचं पेन काही उचललं जाईना. "आता कागद मुख्य कचेरीत गेला," म्हणाले.

दोघं बाहेर आली. तर दाराशी पॅकिंगची माणसं उभी — प्रत्येकाच्या हातात चहाचा कप! आयुष्यात आवाज न चढवलेले भास्करराव ओरडले, "आनंदाने लिहू नका रे! काढलं, असं त्यांच्याकडून लिहून घ्या! मी फसलो!" वॉचमननं दंड धरला, फरफटत नेलं — तरी ओरडतच होते.

माणसांनी कप खाली ठेवले. साहेबांनी आत बोलावून त्यांच्यापुढंही कागद सरकवला, पण कुणी ओळ लिहिली नाही. कंपनीकडून काढल्याचं पत्र हातात पडेपर्यंत कुणी हललं नाही. त्यांची भरपाई मर्यादेत बसली, पैचाही कर कापला गेला नाही.

आणि भास्कररावांची गिरणी गेली. विसार गेला. तक्रार कामगार खात्याकडे केलीय. साहेब तिथं म्हणतात, 'टेंगशांनी आपणहून लिहून दिलं, आम्ही कुणाकडून काही लिहून घेतलंच नाही!' साक्षीदार पाहिजे. प्रत्येक तारखेला भास्करराव आणि कुमुदताई — दोघंच बाकावर.

आता इकडं बघा! पुढं बसलेले दुकानदार, संस्थाचालक — कामावरून काढलेल्या माणसाकडून तुम्ही काय लिहून घेतलंत, ते आठवा, आणि मग देवापुढं हात जोडा!

आणि मागं, चपलांजवळ बसलेले पॅकिंगवाले — होय, तुम्हीच! माना खाली घालू नका. त्यांच्या ओरडण्यानं तुमचे पैसे वाचले. कचेरीत तुम्हालाही तसाच कागद पुढं केला होता ना? मग कुणीतरी तोंड उघडा! सोमवारी पुन्हा तारीख आहे. बुक्का लावून घ्या, प्रसाद घ्या — पण सोमवारी सकाळी भास्कर टेंगशांना आठवा.